शांत पाण्यातील श्वास

दिवाळी किंवा नाताळच्या सुटीत इंदूरहून कोकणात जाणाऱ्या कुटुंबांच्या बेतात आता मालवणचे स्नॉर्केलिंग हमखास असते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर लाटांचा जोर मोडतो आणि आतल्या उथळ पाण्यात प्रवाळ व रंगीत मासे दिसतात. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट आणि पाण्यावर पालथे तरंगणे, एवढाच हा प्रकार. म्हणून तो अगदी निर्धोक वाटतो.

धोका लाटांपेक्षा श्वासाचा अधिक. सामान्य श्वासातील सुमारे ५०० मिलिलीटर हवेपैकी १५० मिलिलीटर श्वसनमार्गातच राहते. नळीमुळे हा निरुपयोगी भाग वाढतो. घाबरून भरभर, उथळ श्वास घेणाऱ्यास ताजी हवा आणखीच कमी मिळते. श्वास संथ व खोल हवा.

शिवाय पाण्यात उतरताच दाबामुळे हातापायांतील रक्त छातीकडे सरकते. त्यातच अरुंद नळीतून जोराने हवा ओढावी लागली, तर फुप्फुसांत द्रव साचू शकतो, म्हणजे पाणी नाकातोंडात न जाताही धाप लागते. हवाई बेटांवरील अभ्यासाने अलीकडे याच शक्यतेकडे लक्ष वेधले. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी उतरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. आपण डॉक्टर मंडळी स्वतःच्या बाबतीत नेमके हेच टाळतो!

तरणतलावात तरबेज असलेल्यांची चूक निराळी. सूर मारण्यापूर्वी ते मुद्दाम भराभर श्वास घेतात. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते, आणि तोवर प्राणवायू संपून शुद्ध हरपते.

बुडणारा हात हलवून ओरडतो, ही समजूत येथे विशेष घातक ठरते. स्नॉर्केलिंग करणारा आधीच पालथा, निश्चल असतो. नावेतून पाहणाऱ्याला तो मासे पाहण्यात रमलेलाच वाटतो. म्हणून जोडीदार हाताच्या अंतरावर असावा आणि दोघांनी एकाच वेळी खाली पाहू नये. धाप लागताच नळी काढून उताणे व्हावे, हात वर करावा. बाहेर आल्यावरही खोकला वा दम थांबत नसेल, तर प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय गाठावे. किल्ल्याचा बेत दुसऱ्या दिवसावर ढकलावा.