सोमवार, साडेदहा, रायटर हवा

परीक्षा जवळ आल्या की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येऊ लागतात. ‘एम.ए. भाग १, समाजशास्त्र, सोमवार, साडेदहा. रायटर हवा. मराठी माध्यम, अक्षर सुवाच्य.’ खाली चार-दोन जोडलेले हात, एखादं ‘फॉरवर्ड करते’. ‘मी येते’ म्हणणारं माणूस मिळेपर्यंत कधीकधी रविवारची रात्र होते. अंध विद्यार्थी तोंडी सांगतो ते उत्तर कागदावर उतरवणारा तो रायटर. सरकारी कागदांत लेखनिक.

यात एक मेख आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१८ मध्ये काढलेल्या सूचनांत म्हटलं होतं, की विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा. आमच्याकडच्या केंद्रांवर हेच धरत आलेत. म्हणजे बारावीच्या मुलाला अकरावीतलं कुणी शोधायचं, आणि त्याच्या घरचे म्हणणार, याच्या स्वतःच्या अभ्यासाचं काय? मी पदवीधर, त्यामुळे एम.ए.वाल्यांनाच चालते. जास्त शिकल्याचा तोटा पहिल्यांदा कळला तो इथे.

केंद्रावर आधी कागद: मी जिची रायटर तिचं दिव्यांग प्रमाणपत्र, माझं ओळखपत्र, माझी गुणपत्रिका, हमीपत्र. बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून स्वतंत्र खोली. तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणून तीन तासांचा पेपर चार तास चालतो. मी अख्खी प्रश्नपत्रिका वाचते, गुणांसकट, ‘किंवा’सकट. ती बोटं दुमडत मनात क्रम लावते. “ताई, तिसरा आधी घेऊ. वर पाच ओळी सोडा, मुद्दे मागून सांगते.”

मग तिचं बोलणं पुढे आणि माझा हात मागे. मध्येच ती म्हणते, शेवटचं वाक्य वाचा. मी वाचते, ती ‘आणि’ काढायला लावते. तिसऱ्या तासाला करंगळीपासून कोपरापर्यंत हात भरून येतो. पण खरी परीक्षा हाताची नसते. एकदा तिने दुर्खीमच्या आत्महत्येवरच्या ग्रंथाचं साल १८९५ सांगितलं. ते १८९७ आहे हे मला ठाऊक होतं, कारण ते प्रकरण मीच तिला रेकॉर्ड करून दिलेलं. पेन क्षणभर अडखळलं असतं तरी तिने ओळखलं असतं, कागदावरची खरखर तिला नीट ऐकू येते, आणि ती थांबली की “चुकलं का काही?” हा प्रश्न ठरलेला. तेव्हा थांबणं हीसुद्धा मदतच, आणि ती करायची नसते. १८९५ लिहिलं, त्याच वेगाने, आणि पुढे गेले.

रेकॉर्डिंगचं काम त्या मानाने निवांत. पंखा बंद, खिडकी बंद, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबायचं. पानाचा आकडा बोलायचा. तक्ता आला की आधी रकाने किती, ओळी किती ते सांगायचं, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानात नुसते आकडे ओतल्यासारखं होतं. वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच मुभा आहे.

ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांना अंधांसाठी ट्रस्ट काढायचा होता. नाव ठरलं होतं, बोधचिन्हही काढून झालं होतं. पुढे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, देणगीदारांना करसवलत हवी तर प्राप्तिकर खात्याकडची नोंदणी, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. जिथे कुणीच काही करत नाही तिथे हे सगळं करायलाच हवं. पण नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ पासून काम करते आहे, आणि आमच्या गावात रायटरची यादी एक मुलगी नोकरी सांभाळून एकटी चालवत होती. काकांना तिच्याकडे पाठवलं. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरून उतरलेला माणूस, त्याला फोन लावायचं काम!

आता त्या यादीची वही काकांकडे असते. कोण कुठल्या वर्षाला, माध्यम कोणतं, अक्षर कसं, कुठल्या केंद्रापर्यंत बसने पोचता येतं. नवीन मुलाकडून ते निबंधाचं एक पान लिहून मागवतात. प्रत्येक पेपरला आयत्या वेळचा एक माणूस राखून ठेवतात, आदल्या संध्याकाळी एक फोन करतात, सकाळी आठला दुसरा. एका विषयाला एकच लेखनिक लागतो, पण निरनिराळ्या पेपरांना निरनिराळे चालतात. म्हणून सगळे पेपर एकाच्या गळ्यात मारायचे नाहीत हा त्यांचा दंडक. एका पेपरला हो म्हणायला माणूस पटकन तयार होतो, सहा म्हटलं की त्याच्या घरी नेमकं लग्न निघतं.