पणजी स्मार्ट सिटी आणि आपण मच्छीमार : शहराची हद्द नदीत संपते, पाणी संपत नाही

बोटमालक, तांडेल, खलाशी आणि बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या आपल्या आयाबहिणी, सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. जरा लांब आहे, पण सध्या बंदीचे दिवस आहेत. जाळी दुरुस्त करता करता घरात कुणाकडून तरी वाचून घ्या.

सभासद आम्हाला नेहमी एक प्रश्न विचारतात. "स्मार्ट सिटी शहरवाल्यांची. रस्ते, कॅमेरे, सायकल ट्रॅक. त्यात आपला काय संबंध?" संबंध आहे, आणि तो पाण्यातून येतो. शहराचं गटार कुठे उघडतं, पावसाचं पाणी कुठून नदीत उतरतं, नवीन जेटी कुठे बसते, बाजार कुठे हलतो, या सगळ्याचा हिशेब शेवटी आपल्या जाळ्यात लागतो. म्हणून ही योजना कशी चालते आणि आपलं म्हणणं कुठे मांडायचं, हे नीट समजून घेऊया.

योजना नेमकी काय होती?

केंद्र सरकारने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी मिशन सुरू केलं. देशातली १०० शहरं निवडली गेली. बेळगाव आणि इंदूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत आले, पणजी मे २०१६ मध्ये, ग्वाल्हेर आणि वडोदरा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. म्हणजे त्या शहरांतल्या आपल्या मराठी नातेवाइकांनीही हीच खोदाखोद पाहिलेली आहे.

केंद्राकडून एका शहराला साधारण ५०० कोटी रुपयांपर्यंत मदत, आणि तेवढाच वाटा राज्य व पालिका यांनी मिळून उचलायचा, असा हिशेब होता. पाच वर्षांची योजना, पण मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलं.

मग आता कशाला बोलायचं? कारण मिशन संपलं तरी नाले, झडपा, पंप, पदपथ, कॅमेरे जागेवरच आहेत. ते चालवायचे कुणी, दुरुस्त करायचे कुणी, चुकीच्या जागी असेल तर बदलायचं कुणी, हे प्रश्न आता सुरू झालेत. देखभाल वर्षानुवर्षं चालते आणि तिथेच आपलं म्हणणं कामाचं ठरतं.

निर्णय कोण घेतं?

प्रत्येक स्मार्ट सिटीसाठी एक वेगळी कंपनी काढायची, असा नियम होता. तिचे निम्मे भाग राज्य सरकारचे, निम्मे पालिकेचे. पणजीत या कंपनीचं नाव 'इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड'. आराखडा, निविदा, ठेकेदार, देखरेख ही सगळी कामं कंपनीमार्फत.

यात एक फायदा आणि एक अडचण. फायदा असा की एकाच ठिकाणाहून काम हलतं. अडचण अशी की लोकांना सवय नगरसेवकाकडे जायची. नगरसेवक म्हणतो, "ते काम कंपनीचं." कंपनीकडे कधी कुणी गेलेलंच नसतं.

पण मिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणखी एक गोष्ट लिहिलेली होती, जी फार थोड्या लोकांना माहीत आहे. प्रत्येक शहरात एक सल्लागार मंच असावा. त्यात खासदार, आमदार, महापौर, जिल्हाधिकारी, तज्ज्ञ, तरुण, आणि त्यांच्या जोडीला रहिवासी संघ, करदात्यांची संघटना, झोपडपट्टी महासंघ, स्वयंसेवी संस्था, महिला मंडळ, व्यापारी संघटना अशांपैकी प्रतिनिधी. बैठक बोलवायची जबाबदारी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची.

या यादीत "मच्छीमार" हा शब्द नाही. पण नदीवर पोट असलेली नोंदणीकृत संस्था आमंत्रण मागूच शकते. मागणी लेखी केली तर ती फाइलमध्ये राहते. जेटीवर उभं राहून कितीही बोललो तरी ते फाइलमध्ये जात नाही.

एक नदी, किती कार्यालयं?

आता खरी गुंतागुंत. मालीमची जेटी पणजीच्या समोर, पण बार्देस तालुक्यात, पंचायत क्षेत्रात. महानगरपालिकेची हद्द अलीकडच्या काठावर. स्मार्ट सिटीचा नकाशा नदीपाशी येऊन थांबतो. गाळ, प्लास्टिक आणि सांडपाणी मात्र भरतीबरोबर दोन्ही काठांना जातं. म्हणून कुठल्या कामाला कुठे जायचं, हे लिहून भिंतीवर लावा :

– शहरातले नाले, कचरा, मासळी बाजार : पणजी महानगरपालिका
– स्मार्ट सिटीतून झालेली कामं, त्यांचे नकाशे : स्मार्ट सिटी कंपनी
– नदीतली वाहतूक, नांगर टाकायच्या जागा, जेटीची परवानगी : बंदर कप्तान खातं
– मांडवी हा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्र. ६८ आहे, म्हणून त्यासंबंधी कामं : केंद्राचं अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण
– बोटींची नोंदणी, बंदी, अनुदान : मत्स्योद्योग खातं
– काठावरचं बांधकाम, भराव, खारफुटी तोड : गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण
– पाण्याचे नमुने, प्रदूषण : गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ
– पलीकडच्या काठावरचा कचरा, दिवे, रस्ता : तिथली पंचायत

आठ दारं आहेत. चुकीच्या दारावर सहा महिने जातात. सहकार्य सहकार्य म्हणतात ते हेच : या आठ जणांना एका विषयावर, एका दिवशी, एका टेबलावर बसवणं. ते आपोआप होत नाही. कुणीतरी मागणी करावी लागते.

उदाहरण घेऊ : नाल्याचं तोंड आणि भरती

सांतिनेजचा नाला सगळ्यांना माहीत आहे. ताळगावच्या बाजूने येतो, शहरातून वळणं घेत कांपालजवळ मांडवीला मिळतो. एकेकाळी ती खाडी होती, आता लोक नालाच म्हणतात.

पणजीचा बराच भाग सखल, भराव टाकून उचललेला. मांडवीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर नाल्याचं तोंड पाण्याखाली असतं. पावसाचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, उलट नदीचं पाणी आत शिरतं. मग रस्ता कितीही गुळगुळीत केला, गटार कितीही रुंद केलं तरी पाणी तुंबणारच.

आपला तांडेल हे बोटांवर सांगतो. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे जून-जुलैच्या अमावास्येला सकाळी दहा ते दुपारी एक जोराचा पाऊस लागला तर शहरात काय होणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं. पंप त्या वेळी चालू पाहिजे, नाल्याच्या तोंडावरची झडप त्या वेळी बंद पाहिजे, आणि ओहोटी लागताच उघडी पाहिजे.

ही काही नवी विद्या नाही. आपल्या खाजनांत शेकडो वर्षं मानस आहेच. भरतीचं पाणी ढकललं की फळी आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी रेटलं की उघडते. ना वीज, ना संगणक. आणि मानसीवर मासळी धरायच्या हक्काची पावणी व्हायची, त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. शेतकरी, मासळी धरणारा आणि गाव, तिघांचा हिशेब एकाच दरवाजाला बांधलेला. हितसंबंधी लोकांचा सहभाग म्हणतात तो आपल्याकडे या रूपात होता.

म्हणून नाल्याच्या तोंडाची पातळी ठरवताना जुन्या तांडेलांना विचारा, असं आपण म्हणतो ते मानपानासाठी नाही. झडप एक हात खाली बसली तर गाळाने अडकते, एक हात वर बसली तर भरती आत घेते. ती कुठल्या पातळीवर पाहिजे, हे तिथे रोज होडी लावणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं.

पाणी चांगलं की वाईट, ठरवायचं कसं?

"वास येतो" एवढं सांगून भागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीचं आणि व्यावसायिक मासेमारीचं खारं पाणी एकाच वर्गात धरलंय. त्यात १०० मिलीलीटर पाण्यात मलातून येणारे जिवाणू १०० च्या वर नकोत, आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलीग्राम पाहिजे. हे आकडे लक्षात ठेवा.

तिसऱ्या, शिनाण्या, काल्वं पाणी गाळून खातात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. खारफुटीच्या मुळांशी सुंगटं, शेवटे, काळुंद्र यांची पिलं वाढतात. म्हणजे गटाराचं तोंड खारफुटीजवळ उघडलं तर फटका आज दिसत नाही, पुढच्या हंगामात दिसतो. तेव्हा कुणी गटाराला दोष देत नाही, "मासळी कमी झाली" एवढंच म्हणतात.

बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी

शहर "सुंदर" करताना पहिली उचलबांगडी रस्त्याकडेला मासळी घेऊन बसणाऱ्यांची होते. त्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती पाहिजे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले पाहिजेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. नंतरही हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

घरातल्या बाईचं नाव त्या सर्वेक्षणात आहे का, एवढं आजच विचारा. नाव नसेल तर उद्या भांडायला आधार राहत नाही.

उशिरा बोललं की काय होतं?

पणजीत रस्ते एकाच वेळी इतके खोदले गेले की धुळीने लोक हैराण झाले. शेवटी नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये गोवा खंडपीठाच्या न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यावर उतरून कामांची पाहणी केली. त्यामुळे कामाला शिस्त लागायला मदत झाली, हे खरं. पण न्यायालयापर्यंत जावं लागणं म्हणजे टेबलावरचं बोलणं आधी झालं नव्हतं. नकाशावरची रेघ पेन्सिलने बदलता येते. सिमेंट ओतल्यावर ती बदलायला पुन्हा निविदा, पुन्हा पैसा, पुन्हा दोन पावसाळे.

आता आपण काय करायचं?

१. प्रत्येक बोटीवर एक वही ठेवूया. घाण पाणी, तेलाचा तवंग, मेलेली मासळी, नवा भराव, बुजलेली वाट दिसली की तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आणि जीपीएसवरची जागा लिहायची. जमलं तर फोटो. अशा शंभर नोंदी एकत्र आल्या की त्या तक्रारीपेक्षा जड पडतात.

२. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मागायचं काय? नाल्यांच्या तोंडाचे नकाशे व पातळ्या, देखभालीचा करार, आणि पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल.

३. सर्वसाधारण सभेत ठराव करूया की शहर आणि पलीकडची पंचायत, दोन्हींबरोबर वर्षातून दोनदा संयुक्त बैठक व्हावी. एक बंदी सुरू होण्याआधी, मे महिन्यात. दुसरी हंगाम लागल्यावर.

४. शहराच्या नियंत्रण केंद्रात मोठे पडदे आहेत. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचा अंदाज आणि मासळीच्या संभाव्य जागा रोज कळवते, आणि काही मासळी बंदरांवर तिचे इलेक्ट्रॉनिक फलकही आहेत. शहराचा इशारा आणि समुद्राचा इशारा एकाच वेळी जेटीवर दिसावा, ही मागणी अवघड नाही.

५. जेटीच्या सोयींसाठी फक्त शहराच्या पैशाकडे बघायला नको. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदर, बर्फ, शीतसाखळीसाठी तरतूद आहे. दोन योजना जोडायचा प्रस्ताव संस्थेकडून गेला पाहिजे.

६. आणि आपल्या बाजूचं काम. जुनं इंजिन ऑइल, फाटकी जाळी, थर्माकोल नदीत जाता कामा नये. त्यासाठी जेटीवर वेगळी टाकी आणि वेगळा कोपरा मागूया, आणि मिळाल्यावर वापरूया. टेबलावर बसायचं तर हात स्वच्छ पाहिजेत.

सध्या बोटी किनाऱ्याला आहेत, माणसं घरी आहेत. १ ऑगस्टला पुन्हा धावपळ सुरू होईल. त्याआधी ज्यांना नाल्यांची तोंडं, बुजलेल्या वाटा किंवा जुन्या मानसींच्या जागा ठाऊक आहेत, त्यांनी संस्थेच्या कार्यालयात येऊन नोंद करावी. जुन्या तांडेलांना लिहिता येत नसेल तर नातवाला बरोबर आणा, आम्ही लिहून घेऊ. नकाशा भिंतीवर लावलाय, पेन्सिल बाजूला ठेवलीय.