इन्सुलिनचा डोस रोज सारखाच का पुरत नाही?

“काल एवढेच इन्सुलिन घेतले, साखर बरोबर होती. आज जेवण तेच, डोस तोच, तरी साखर अडीचशे!” टाइप वन मधुमेह असलेल्यांच्या घरात हे नेहमी ऐकू येते. लगेच घरचे म्हणतात, “चोरून काही खाल्ले असशील.” बंधू-भगिनींनो, हा आरोप पुष्कळदा खोटा असतो.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन बाहेरून घ्यावेच लागते. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिले इंजेक्शन मिळाले. त्याआधी हा आजार म्हणजे मरणच होते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड क्षणोक्षणी हिशेब करते. रुग्णाला तो स्वतः करावा लागतो, आणि गरज तर रोज बदलते.

आपल्या रत्नागिरीचेच पाहा. आषाढात दिवसभर लावणी केली की साखर उतरते, आणि तो परिणाम रात्री झोपेतही टिकतो. मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्यांचेही तसेच. काम बंद पडून माणूस घरी बसला की तोच डोस अपुरा पडतो. ताप, मनस्ताप, जागरण यांनी गरज वाढते. काही भगिनींना पाळीपूर्वी जास्त इन्सुलिन लागते. रोज एकाच जागी सुई टोचल्यास तेथे गाठ येते व औषध नीट शोषले जात नाही. मे महिन्याच्या उकाड्यात बाटली तापली तर औषधाचा जोर जातो. फ्रीज नसेल तर ती माठाच्या गारव्यात ठेवावी. वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्यांनी दुपारनंतर जेवण नसते म्हणून डॉक्टरांना आधी विचारावे.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे तापात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन बंद करणे. त्याने रक्तात आम्ल साठते व एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. इन्सुलिन पूर्ण कधीच थांबवू नये. साखर वारंवार तपासावी. उलट्या, पोटदुखी, धाप दिसताच अंगारे-धुपारे न करता तडक जिल्हा रुग्णालय गाठावे.

उलट घाम, थरथर, बडबड दिसली तर “प्यायलाय” म्हणून हिणवू नका. साखर ७० च्या खाली गेली असेल. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत. पण लिहिल्याशिवाय हिशेब जुळत नाही, एवढे आम्हाला कळते. म्हणून एक वही करा. तारीख, साखर, डोस, जेवण, काम, आजार लिहा. ती वही पाहून डॉक्टर डोस कमी-जास्त कसा करायचा ते शिकवतील. कामावर मुकादमाला व सोबत्यांना आजार सांगून ठेवा, खिशात साखर बाळगा.

आणि घरच्यांनो, साखर वाढली की आधी दोष देऊ नका. बोलण्याच्या भीतीने माणूस आकडा लपवतो, आणि लपवलेला आकडाच घात करतो.