पोफळीच्या निरोपांची साठ वर्षे

चिपळूण तालुक्यात, पोफळीच्या डोंगराच्या पोटात १९६२ साली कोयनेचे पहिले जनित्र फिरले. धरण घाटमाथ्यापलीकडे सातारा जिल्ह्यात, वीजघर रत्नागिरीत आणि विजेचे मोठे गिऱ्हाईक मुंबईत. त्यामुळे पाण्याखालोखाल गरज होती ती निरोपाची. यंत्र कधी लावायचे, किती भार घ्यायचा, कधी सोडायचा, हे दूर बसलेल्या माणसाने सांगायचे आणि पोफळीतल्या माणसाने ऐकायचे. कोयनेचा इतिहास टप्प्यांत आणि मेगावॉटमध्ये सांगायची पद्धत आहे. निरोपांच्या वाटेने पाहिले तर तो वेगळा दिसतो.

सुरुवातीच्या काळातली वाट म्हणजे खुद्द विजेची तार. उच्चदाब वाहिनीवरच वेगळ्या, उंच कंप्रतेची लहर चढवून बोलायचे. हाच कॅरियर फोन. स्विचयार्डात वाहिनीच्या तोंडाशी टांगलेले पिंपाएवढे वेटोळे, म्हणजे वेव्ह ट्रॅप, वीज पुढे सोडते आणि बोलण्याची लहर अडवून कॅरियर रूमकडे वळवते. टपालखात्याच्या दूरध्वनीवर विसंबायला नको आणि घाटातून वेगळी तार ओढायला नको. वाहिनीत बिघाड झाला, तर पलीकडच्या टोकाचा ब्रेकर उघडण्याचा इशाराही याच वाटेने जाई. उणीव एवढीच, की या वाटेवर फार थोडे मावे: काही शब्द आणि थोडे आकडे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि मुंबईचा वीजपुरवठाही कोलमडला. डोंगरातले एक वीजघर थांबले की महानगर थांबते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. पुढे १९७० च्या दशकात तिसरा टप्पा आला, शतक सरताना हजार मेगावॉटचा चौथा आला आणि चारही टप्प्यांची क्षमता १,९२० मेगावॉट झाली. पाणी मात्र मोजकेच. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली. म्हणून कोयना चोवीस तास चालवायचे केंद्र राहिले नाही. संध्याकाळी मागणी चढली की काही मिनिटांत उभे करायचे, उतरली की आवरायचे. अशा केंद्राला उशिरा मिळालेला निरोप म्हणजे वाया गेलेले पाणी.

१ जुलै २००२ ला पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धत आली आणि विजेचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांचा झाला. ग्रिडची कंप्रता घसरली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की भुर्दंड बसू लागला. आता तासातासाला लॉगशीट भरून आणि फोनवर आकडे सांगून भागणारे नव्हते. जनित्रांचे आकडे आपोआप राज्याच्या भारप्रेषण केंद्राच्या पडद्यावर, ऐरोलीला, काही सेकंदांत दिसावे लागले. त्यासाठी मनोऱ्यांच्या माथ्यावरची, विजांपासून बचाव करणारी अर्थवायर बदलून पोटात काचेचे तंतू असलेली तार बसवण्याचे काम राज्यातल्या मोठ्या वाहिन्यांवर टप्प्याटप्प्याने सुरू झाले. तीच तार विजेचा लोळ जमिनीत उतरवते आणि आकडेही वाहून नेते.

जाळे पसरतच गेले. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाला जोडले. २०१९ मध्ये केंद्राने मोठ्या जलविद्युतीलाही अक्षय ऊर्जेत गणले. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ मिनिटे दिवे मालवण्याच्या आवाहनाने देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने खाली आली. अंदाज त्याच्या निम्म्याहूनही कमी घटीचा होता. जलविद्युत केंद्रांनी भार झपाट्याने उतरवला आणि पुन्हा चढवला म्हणून ग्रिड टिकले. एकट्या फोनवर हे जमले नसते. पण जोडलेल्या जाळ्यात चोरवाटाही असतात. भारतातल्या भारप्रेषण केंद्रांवर परक्या हॅकरांचा डोळा असल्याचे एका अमेरिकी कंपनीच्या अहवालाने २०२१ मध्ये सांगितले. वीजघरातले आकडे नेण्याबरोबर ते राखणे हेही काम झाले.

एक वाट मात्र मागे राहिली. पोफळीचे पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येते, तिसऱ्या टप्प्यातून जाते आणि अवजल होऊन वाशिष्ठीला मिळते. म्हणजे ऐरोलीहून सुटलेल्या प्रत्येक निरोपाचे दुसरे टोक चिपळूणच्या नदीत आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठ बुडाली, वीज गेली, मोबाइल मुके झाले. कोळकेवाडीतून किती पाणी सुटले आणि कधी, हा प्रश्न त्यानंतर शहरात घरोघर होता. पुराचे कारण काय यावर वाद घालता येईल, पण प्रश्न विचारावा लागला यातच उत्तराचा एक भाग आहे. साठ वर्षांत निरोपाची वाट सुधारली ती विजेच्या गिऱ्हाइकाकडे जाणारी. नदीकाठाला सुटणाऱ्या पाण्याचा आकडा मिळायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. मनोऱ्यांवरच्या तंतूंत जागा आहे, विसर्ग मोजता येतो, आणि शहराची वीज गेल्यावरही बॅटरीवरचे भोंगे वाजू शकतात. पुढच्या सुधारणेच्या अंदाजपत्रकात चिपळूण नगर परिषदेचे नाव हे एक टोक म्हणून लिहिले गेले, तरच कोयनेचे जाळे पुरे झाले असे म्हणता येईल.