जखमेवरील पापुद्रा आणि शरीराचे पहारेकरी

गतवर्षीचे हिशेब तपासताना आपल्या एका विश्वस्तांनी 'ड्रेसिंग साहित्य' या सदरावर बोट ठेवले. साध्या गॉझच्या तुलनेत कितीतरी महाग असलेला एक पातळ पापुद्रा भाजलेल्या व मधुमेही रुग्णांसाठी का खरेदी केला जातो, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. उत्तर देण्यापूर्वी आपल्या शल्यचिकित्सकांकडून विषय समजून घ्यावा लागला. जे उमगले ते देणगीदार व रुग्णांच्या आप्तेष्टांसमोर ठेवीत आहे.

पायात मोडलेला काटा तसाच राहिला, तर त्याभोवती कुरूप धरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. परक्या वस्तूवर धावून जाणाऱ्या अशा पेशींना पुढे भक्षक पेशी हे नाव मिळाले आणि १९०८ साली मेच्निकॉफ यांना नोबेल पारितोषिक. (१८९७ साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य. परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना हे नाते सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.)

या भक्षक पेशी केवळ शत्रूला गिळत नाहीत. जखम झाल्यावर पहिले काही दिवस त्या दाह वाढवितात, जंतू व मृत पेशी साफ करतात. त्यानंतर त्यांचे वर्तन पालटते. त्याच पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास व नवी ऊती भरून येण्यास साहाय्य करणारी द्रव्ये सोडू लागतात. पाडकाम करणाऱ्या मजुरांनीच पुढे गवंडीकाम हाती घ्यावे, तसा हा प्रकार. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेत हा पालट वेळेवर घडत नाही. पाडकाम चालूच राहते, आणि कित्येक महिने चिघळलेल्या जखमेपायी अखेर बोट वा पाऊल गमावण्याची पाळी येते. आपल्या शल्यविभागात असे रुग्ण सतत येत असतात. नातेवाईक विचारतात, "एवढी औषधे दिली, तरी जखम भरत का नाही?" त्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग येथे आहे.

म्हणून जखमेवर किंवा शरीरात आपण कोणती वस्तू ठेवतो, याला महत्त्व येते. शरीराला 'काहीच न करणारी' वस्तू म्हणजे उत्तम वस्तू, असे पूर्वी मानले जाई. परंतु पहारेकरी प्रत्येक वस्तूची दखल घेतातच. गुळगुळीत, न विरघळणाऱ्या वस्तूभोवती ते एकत्र जुळून तंतुमय कवच उभारतात. तीच वस्तू सुमारे ३० ते ४० मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान, एकसारख्या छिद्रांची केली, तर कवच पातळ होते आणि छिद्रांतून रक्तवाहिन्या वाढतात, असे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात दिसून आले. साहित्य तेच, फरक केवळ घडणीचा.

निसर्गाने मात्र असे साहित्य आधीच घडवून ठेवले आहे. गर्भातील बाळ आईच्या शरीराच्या दृष्टीने निम्मे परके. तरीही नऊ महिने ते सुखरूप वाढते. बाळ व गर्भजल यांभोवतीचे पातळ आवरण वारेबरोबर बाहेर पडते आणि एरवी टाकून दिले जाते. या आवरणात रक्तवाहिन्या नसतात आणि दाह शमविणारी द्रव्ये असतात. भाजलेल्या भागावर ते बसविल्यास वेदना कमी होतात, ओलावा टिकतो व खालची त्वचा शांतपणे भरून येऊ शकते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली स्थापन झालेल्या ऊतिपेढीत संमती दिलेल्या मातांच्या प्रसूतीनंतर मिळालेली आवरणे स्वच्छ करून, सुकवून, सीलबंद करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात. मातेची एड्स, कावीळ इत्यादींसाठी रक्ततपासणी होते ती वेगळीच. पापुद्र्याच्या किमतीत हा सारा खटाटोप समाविष्ट असतो. मातेने दिलेले आवरण हे दानच असते.

शेजारच्या शीव रुग्णालयातील त्वचापेढी २००० सालापासून मृत्यूनंतर दान केलेली त्वचा जतन करते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्यांसाठी ती जीवदायी आहे. तथापि ती परक्याची असल्याने काही आठवड्यांत शरीर तिला नाकारतेच. तेवढ्या अवधीत रुग्ण सावरतो आणि त्याच्या स्वतःच्या त्वचेचे रोपण शक्य होते.

पहारेकऱ्यांना हवे तसे वळण लावणारे साहित्य हेतुतः घडविणे, हे आजच्या संशोधनाचे ध्येय आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली उंदरांच्या जखमी स्नायूत पेशी काढून टाकलेल्या ऊतीचा सांगाडा ठेवला. एका विशिष्ट जातीच्या रोगप्रतिकारक पेशी असलेल्या उंदरांत स्नायू चांगला भरून आला. त्या पेशी नसलेल्यांत तसा भरला नाही. माणसाच्या पायापर्यंत हे पोहोचण्यास अवकाश आहे. 'नवी ऊती उगवून देतो' अशा जाहिरातींवर विसंबून घरदार गहाण टाकू नये, अशी नातेवाईकांना कळकळीची विनंती. पापुद्राही जादू करीत नाही. साखर ताब्यात नसेल, पायाला रक्तपुरवठा नसेल किंवा रुग्ण त्या पायावर भार देत राहिला, तर तो व्यर्थच जातो. म्हणूनच या तिन्ही गोष्टी पाहिल्यावाचून आपले शल्यचिकित्सक तो लिहून देत नाहीत.

विश्वस्तांच्या सूचनेनुसार यंदापासून हा खर्च 'ड्रेसिंग साहित्य' या सदरातून काढून 'ऊतिपेढी साहित्य' असा स्वतंत्र दाखविण्यात आला आहे. गरजू रुग्णांसाठी तो निर्धन रुग्ण निधीतून केला जातो. ज्या देणगीदारांना आपली देणगी याच कामी लागावी असे वाटत असेल, त्यांनी पावती घेताना तसा उल्लेख अवश्य करावा.