आईचे शकुन आणि अवचित वाटा

कोणी परगावी निघाले, की आपल्याकडच्या घरांत दाराशी एक लहानसा खोळंबा हमखास होतो. पिशव्या उचललेल्या असतात, रिक्षा खाली उभी असते, घड्याळ पुढे सरकत असते. आणि नेमके त्याच वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काहीतरी आठवते. कोणी शिंकले, म्हणून दोन मिनिटे टेकायचे. काही विसरले म्हणून परत आलो, तर घोटभर पाणी पिऊनच पुन्हा उंबरठा ओलांडायचा. मागून हाक मारायची नाही, ‘कुठे निघालास’ असे विचारायचे नाही, आणि ‘जातो’ असे तर चुकूनही म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. तिघेच निघाले असतील, तर चौथा म्हणून कोणाच्या तरी खिशात एक खडा पडतो. आमच्या घरी हे सारे खाते आईकडे आहे. तिने ऐंशी वर्षे पुरी केली आहेत, आणि या खात्यातून तिने आजवर एका दिवसाचीही रजा घेतलेली नाही.

या विषयावर बोलायचे म्हटले, की सभेत लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष हसतो. दुसरा पक्ष म्हणतो, ‘पूर्वजांनी काहीतरी विचार करूनच हे ठरवले असेल; प्रत्येक रूढीमागे शास्त्र असते.’ आमच्या मते दोन्ही पक्ष घाईत आहेत. समईच्या मिणमिणत्या उजेडात केर काढला, तर एखादा मोती केराबरोबर जायचा, म्हणून रात्री केर काढू नये, हे समजू शकते. पण पाल चुकचुकण्यामागे कसलेही शास्त्र नाही. आणि हसणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की ही माणसे भित्री नसतात. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने मैलभरावरून पाणी आणले, रेशनच्या मिलोच्या भाकरी थापल्या आणि घर चालवले. त्या काळात ती कधी डगमगली असे कोणी सांगत नाही. मग अशी बाई मांजर आडवे गेल्यावर का थांबते? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

शकुनांची परंपरा जुनी आहे. ‘शकुन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच पक्षी. पक्षी कोणत्या बाजूने उडाला, कोठे बसून ओरडला, यावरून पुढचे भाकीत करण्याची चाल फार पूर्वीची आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त शकुनांवर अनेक अध्याय खर्ची घातले. अंगावर पाल कोठे पडली असता काय फळ मिळते, याचे कोष्टक अनेक पंचांगांत छापलेले आढळते. परंतु आमच्या आईने ‘बृहत्संहिता’ पाहिलेली नाही. तिला हे सारे तिच्या आईकडून मिळाले, जसे लोणच्याच्या मिठाचे प्रमाण मिळाले तसेच. चव का लागते हे न विचारता दोन्ही पुढे आली.

ही समजूत मुळात उगवते कशी, हे पाहण्यासाठी एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. १९४८ साली स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही भुकेली कबुतरे पिंजऱ्यांत ठेवली. ठरावीक सेकंदांनी दाणे आपोआप पुढे येत. कबुतराने काही केले काय, न केले काय, त्याचा दाण्यांशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही काही वेळाने एक कबुतर गोल गोल फिरू लागले, दुसरे पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे मान झटकू लागले. दाणे आले त्या क्षणी जे चालले होते, त्यामुळेच ते आले अशी जणू त्यांची समजूत झाली, असा अर्थ स्किनरने काढला. पुढे १९७१ साली इतर संशोधकांनी या वागण्याचा निराळा अर्थ लावला, हेही सांगितले पाहिजे. कबुतराच्या मनातले कबुतर जाणे. पण माणसाचा हा स्वभाव आपण रोज पाहतो. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, की पहिलीमुळेच ती घडली असे आपल्याला वाटते. मांजर आडवे गेले आणि काम फसले, तर ते जन्मभर लक्षात राहते. मांजर आडवे गेले आणि काम झाले, तर त्या मांजराची आठवण कोण ठेवतो?

तरी एवढ्याने उलगडा पुरा होत नाही. आई स्वयंपाक करताना शकुन पाहत नाही, हिशेब करताना पाहत नाही. घरचे माणूस दाराबाहेर पडतानाच का पाहते? याचे उत्तर मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाच्या लिखाणात सापडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. तेथले कोळी किनाऱ्याजवळच्या उथळ, शांत पाण्यात मासे धरत, तेव्हा मंत्रतंत्र करत नसत. तेथे धोका नव्हता आणि मासे खात्रीने मिळत. मात्र खुल्या समुद्रात निघाले, की विधींना सुरुवात होई. तेथे वारा, लाट, मासळी यांपैकी काहीच आपल्या हातात नव्हते. म्हणजे माणसाचे कौशल्य जेथे संपते आणि नशिबाचा प्रांत सुरू होतो, त्या सीमेवर तो मंत्राची मेढ रोवतो. आईचा उंबरठा ही तशीच सीमा आहे. उंबरठ्याच्या आत तिचा हात पोचतो. बाहेर गेलेल्या लेकराला तिच्याजवळ देण्यासारखे काही उरत नाही. मग ती चमचाभर दही देते.

ही सीमा मागे सरकली, की समजूतही मागे सरते. देवीच्या रोगाचे उदाहरण घ्या. आईच्या लहानपणी घरात कोणाला देवी आल्या, तर दाराला कडुलिंबाचे डहाळे लागत, फोडणी बंद होई, रोग्याशी देवीशी बोलावे तसे बोलत. १९७५ साली भारतात देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९८० साली जगातूनच हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर देवीचे ते घरगुती नियम कोणी सभा घेऊन मोडून काढले नाहीत. भीतीचे कारण गेले आणि नियम आपोआप गळून पडले. अंधश्रद्धेशी लढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लस हा वादापेक्षा मोठा युक्तिवाद आहे.

येथवर आम्ही आईचीच बाजू मांडली, असे कोणास वाटेल. पण सर्वच शकुन दह्याइतके गोड नसतात. घोटभर पाणी आणि दोन मिनिटांचा खोळंबा यांत कोणाचे काही जात नाही. परंतु याच यादीत, त्याच सहजपणाने, आणखी एक ओळ लिहिलेली असते: निघताना विधवा समोर येऊ नये. येथे मांजराच्या जागी माणूस आला.

वीस वर्षांपूर्वी आमचे वडील वारले. त्यानंतर आम्ही बाहेरगावी निघालो, की हातावर दही आमची पत्नी घाली. ही गोष्ट आमच्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली, हे सांगताना आम्हाला आजही लाज वाटते. एकदा निघताना आम्ही आईला हाक मारली, तर ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. म्हणाली, “तू हो पुढे. मी इथूनच बघते.” जिने जन्मभर आमच्यासाठी शकुन सांभाळले, ती स्वतःच अपशकुन होऊन दाराआड उभी राहिली होती, आणि तेही आमचे बरे व्हावे म्हणूनच! आम्ही पुष्कळ वाद घातला. “तुझं शिक्षण तुझ्यापाशी,” एवढेच उत्तर मिळाले.

वादाने जे झाले नाही, ते नातीच्या हट्टाने झाले. आमची मुलगी एका परीक्षेला निघाली आणि दारातच बसून राहिली. म्हणाली, “आजीच्या हातचं दही मिळाल्याशिवाय मी निघत नाही. उशीर झाला तर आजीमुळेच होईल.” आई बाहेर आली. हात थरथरत होता, पण दही घातले. पुढे निकाल लागला आणि मुलगी नापास झाली. आई दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हा मुलगीच तिच्यापाशी बसून म्हणाली, “आजी, त्या परीक्षेत हजारो मुलं नापास झाली. सगळ्यांना तूच दही दिलं होतंस का?” आई आधी गप्प राहिली, मग हसली. दुसऱ्या खेपेला दही तिनेच घातले. मुलगी उत्तीर्ण झाली, पण ती अभ्यासाने झाली, दह्याने नव्हे. दह्याला श्रेय द्यायचे, तर मागच्या खेपेचा दोषही त्यालाच द्यावा लागेल.

‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतला हा फरक केवढा मोलाचा आहे, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून दिसते. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जात असता, १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या पतीला मागे ठेवून बोटीत बसल्या. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवली. त्याच वर्षी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात वारल्या. समुद्र ओलांडला म्हणून असे झाले, हे म्हणणे किती सोपे! वास्तविक त्यांचा घात क्षयाने केला. त्या रोगाचा जंतू कॉखने १८८२ साली दाखवून दिला होता. त्यावरचे स्ट्रेप्टोमायसिन मात्र १९४३ साली सापडले. आनंदीबाईंनी शकुन मानला असता, तर क्षय टळला असता याची खात्री नाही. पण त्यांची वाट मागून येणाऱ्या मुलींना दिसली नसती, एवढे खरे.

माणसाला अपमानित करणारी समजूत मात्र आपोआप गळून पडण्याची वाट पाहू नये. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद केल्या. महाराष्ट्रात २०१३ पासून अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला, हे विसरता येत नाही. पण कायदा माजघराच्या दाराआडपर्यंत पोचत नाही. तेथे घरच्यांनीच जावे लागते.

आता शेवटची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही सहकुटुंब कोकणात निघालो. दिवस अमावास्येचा. आईने सांगून पाहिले. आमची रजा दुसऱ्या दिवशी नव्हती. घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला आणि पंचवीस-तीस माणसे एका वाडीतल्या देवळात अडकली. आम्ही फोनला रेघ येते का ते पाहत ओट्यावर फेऱ्या घालत होतो. आईने तोवर वाडीतल्या बायकांशी ओळख काढली, चूल पेटवून घेतली आणि पिठलेभाताला हात घातला. रात्री पावसाच्या आवाजात तिने अनोळखी पोरांना आपल्या लहानपणच्या बैलगाडीच्या प्रवासाच्या गोष्टी सांगितल्या. देवळातले काळे मांजर तिच्या पदराशी येऊन झोपले. तिने त्याला हाकलले नाही. आम्हाला तो प्रवासातला अडथळा वाटत होता. तिने त्यालाच प्रवास मानले.

सकाळी रस्ता मोकळा झाला. गाडीत बसताना आई म्हणाली, “मी सांगितलं होतं, अमावास्येला निघू नये. पडली की नाही दरड?” आम्ही उत्तर जुळवू लागलो: पावसाळा, डोंगर, सुटलेली माती. तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, “त्या बायकांना मी पुन्हा येते म्हणून सांगितलंय. कधी यायचं, ते आत्ताच ठरवा.”

आमचे उत्तर तसेच राहिले. आता आपण घरी जाल, तेव्हा कोणी वृद्ध माणूस जागे असेल. उद्या निघताना त्याने थांबवले, तर दोन मिनिटे थांबा. मात्र ते माणूस दाराआड उभे नाही ना, एवढे वळून पाहा.