विडी सोडली, पण सुटली का?



या पानांवर आपण बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि पाणी यांविषयी नेहमी वाचतो. या वेळी संपादक मंडळींनी मला विडीवर लिहायला सांगितले, कारण ती सोडून मला सहा वर्षे झाली. तथापि सुरुवातीलाच कबुली देतो. मी विडी एकदा नव्हे, पाच वेळा सोडली आणि त्यांतल्या चार वेळा परत ओढायला लागलो. तेव्हा विडी सोडावी कशी हे सांगणारे पुष्कळ भेटतील. सोडलेली विडी सोडलेलीच कशी राहील, एवढेच मी सांगणार आहे.

चार वेळा कुठे घसरलो ते आजही जसेच्या तसे आठवते. पहिल्यांदा काट्यापुढच्या रांगेत. रात्रीचे दोन वाजलेले, पुढे गाड्यांची ही रांग, आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने पेटवलेली पुढे केली. दुसऱ्यांदा मौतीला गेलो असताना. तिसऱ्यांदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, निकालाच्या आदल्या रात्री. आणि चौथ्यांदा रात्रीच्या पाण्याच्या पाळीला, एकटाच दारं धरत होतो तेव्हा. चारही वेळा सोडून दोन-तीन महिने उलटले होते.

चौथ्या खेपेनंतर जे घडले ते लपवण्यात अर्थ नाही. माघ महिना, तोड आठ दिवसांवर आलेली. बांधावर बसून विडी ओढली, थोटूक विझले असे समजून टाकले आणि घरी आलो. वाळल्या पाचटाने पेट घेतला आणि शेजारच्या भाऊबंदाचा दीड एकर ऊस तासाभरात गेला. जळिताचा म्हणून तोड लगेच मिळाली, पण कपात लागायची ती लागलीच, वजन घटले ते वेगळेच. भरपाई मी दिली. भाऊबंद चकार शब्द बोलला नाही. त्याची बायको बोलली, आणि ती बरोबरच बोलली.

त्या दिवसापासून पाचव्यांदा सोडली. पण मनात धास्ती होती, की शपथ तर मागच्या चार वेळाही घेतली होती.

डॉक्टर सांगतात ते थोडक्यात असे. तंबाखूतल्या निकोटिनची सवय लागलेल्या शरीराला पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, झोप मोडणे, कशात लक्ष न लागणे हा त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे शरीराचे भांडण महिन्यात मिटते. मग तिसऱ्या महिन्यात माणूस का घसरतो? कारण काटा, मौत, निवडणूक, पाण्याची पाळी यांच्याशी विडीची गाठ मनात पक्की बसलेली असते. ती जागा आली, ती वेळ आली, की तल्लफ उठते. ती काही मिनिटांचीच असते, पण त्या मिनिटांत काय करायचे हे आपल्याला कोणी शिवकलेले नसते. आपल्याला दोनच गोष्टी ठाऊक. एक तर ओढायची, नाही तर दात-ओठ खाऊन तिच्याशी कुस्ती करायची. कुस्तीत आज जिंकलो तरी माणूस दमतो, आणि दमलेला गडी उद्या चितपट होतो.

तिसरी रीत मला इगतपुरीला कळली. पुतण्या नाशिकला नोकरीला आहे, त्याने विपश्यनेच्या शिबिराला माझे नाव घातले. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे. विडी, तंबाखू, तपकीर सगळे बंद. फी नाही, ज्याला वाटेल त्याने शेवटी दान द्यावे. घरात माळ आहे, त्यामुळे वडील विचारायचे ते विचारलेच, "धर्म बदलायला चाललास का?" तिथे गेल्यावर कळले, की पहिले तीन दिवस फक्त नाकातून येणारा-जाणारा श्वास पाहायचा. श्वासाला पंथ कसला! आणि माळेचेच म्हणाल तर आषाढात तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर करीत आपल्या दारावरून जाते. त्या दिंडीत मांस-मच्छी सोडलेले वारकरी हजारोंनी असतात, पण तंबाखूची चंची काही सगळ्यांच्या कनवटीची सुटलेली नसते. रागवू नका, माझीही सुटली नव्हती.

ही विद्या भारतात पुन्हा रुजवणारे सत्यनारायण गोएंका यांची हकीकत मला जवळची वाटली, कारण तीही एका सवयीपासूनच सुरू होते. त्यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला, मारवाडी व्यापारी घराण्यात झाला. ऐन उमेदीत अर्धशिशीने त्यांना इतके छळले, की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत, आणि डॉक्टरांना भीती, की पुढे डोकेदुखी नसली तरी मॉर्फिन लागेल. परदेशचे उपचार झाले, गुण आला नाही. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ सरकारचे महालेखापाल होते आणि कचेरी सांभाळून ध्यान शिकवीत. केवळ डोकेदुखीसाठी आला असशील तर येऊ नकोस, असेच त्यांनी आधी सांगितले होते. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले आणि २०१३ साली ते वारले. त्यांचे एक सांगणे माझ्या डोक्यात पक्के बसले. माणसाला व्यसन खरे म्हणजे वस्तूचे नसते. त्या वस्तूमुळे अंगात जी संवेदना उठते, तिचे असते. मग ती संवेदनाच पाहायला शिक.

दहा दिवस विडी नव्हती यात माझा पराक्रम काहीच नाही, तिथे मिळतच नव्हती. खरी परीक्षा घरी आल्यावर, रात्रीच्या पाळीला. नीरा डाव्या कालव्याच्या फाट्याला पाणी सुटले होते. वाकुरी भरायला वेळ होता, खोऱ्या टेकवून बांधावर बसलो, आणि आली तल्लफ. या वेळी तिला हाकललेही नाही, ऐकलेही नाही. नुसते पाहिले, की ही नेमकी कुठे आहे? तोंडाला पाणी सुटले होते. छातीत ओढल्यासारखे होत होते. उजव्या हाताची दोन बोटे आपोआप जवळ आली होती, विडी धरल्यासारखी! हे मला वीस वर्षांत कधी दिसले नव्हते. चारीला पाणी आले की ती कशी आधी फुगते, कडांना लागते, आता फुटते की काय वाटते, आणि मग हळूहळू उतरते, तसेच ते झाले. वाकुरी भरायच्या आत उतरले. पुन्हा आले, पुन्हा उतरले. त्या रात्री चार वेळा आले.

अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. अॅलन मार्लाट म्हणून व्यसनांचे मोठे अभ्यासक होते, २०११ साली वारले. त्यांनी तल्लफेला समुद्राच्या लाटेची उपमा दिली. लाट अडवू नका, तिच्यावर तोल सांभाळून राहा, ती किनाऱ्याला फुटतेच, असे ते शिकवीत. तिथल्या एका तुरुंगात विपश्यनेची शिबिरे झाली, तेव्हा सुटून गेलेल्या कैद्यांची दारू व गांजा कमी झाल्याचे त्यांच्या तुकडीला २००६ च्या अभ्यासात आढळले. त्यांना समुद्र दिसला, आपल्याला चारी.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी भोंदू ठरेन. २०११ साली येल विद्यापीठाने ८८ सिगारेट ओढणाऱ्यांवर प्रयोग केला. असे भान ठेवायला शिकलेल्यांपैकी १७ आठवड्यांनी ३१ टक्के सिगारेटपासून दूर होते, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांपैकी ६ टक्के. आकडा भरघोस आहे. पण २०२२ मध्ये असे २१ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ही रीत इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. म्हणून माझे मत असे, की हिला एकटीला जुंपू नये. निकोटिनचा चघळायचा गम मिळतो, तो डॉक्टरांना विचारून घ्यावा. सरकारचा १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा फोन फुकट आहे. घरच्यांना सांगावे. नुसते खताचे पोते टाकून पाणी न दिल्यासारखे करू नये.

मार्लाट साहेबांची आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. एक विडी ओढली गेली, की माणूस म्हणतो, आता काय, संपलेच सगळे, आणि बंडल विकत घेतो. बुडवणारी ती एक विडी नसते, तो पुढचा विचार असतो. पाचव्या खेपेतही मी एकदा घसरलो, मेहुण्याच्या लग्नात. सिगारेट अर्धी ओढली. घरी येऊन बायकोला सांगितले. ती म्हणाली, "अर्धीच ना? मग उरलेली अर्धी नाही ओढली असं धरू." दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लागलो.

धूर काढणारे आपल्याकडे आता कमीच राहिले. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात सुमारे ३.८ टक्के लोक विडी-सिगारेट ओढणारे निघाले, आणि तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे धरून बिनधुराचे २४.४ टक्के. तेव्हा चुना मळणाऱ्यांनी आणि सकाळी चुलीपुढे मिश्री घेऊन बसणाऱ्या आयाबहिणींनी हे पान उलटू नये. तळहातावर अंगठा फिरायला लागला, की तिथेच थांबून तो अंगठा पाहावा. सुरुवात तेवढीच.

दहा दिवस शिबिराला जायचे तर म्हशींची धार कोण काढणार, हा प्रश्न खरा आहे. मी गेलो तेव्हा भावजयीने काढली. ज्यांना जमत नाही त्यांनी पहाटे धारेआधी दहा मिनिटे बसून श्वास पाहावा. मन पळेल, तीनशेदा पळेल. दावे धरून परत आणावे, काठी उगारू नये.

परवा पाळीच्या रात्री माझा तो भाऊबंद, ज्याचा ऊस जळाला तो, बॅटरी घेऊन माझ्या बांधावर आला. त्याच्या खिशात चंची असते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला, मग हळूच म्हणाला, "ते बघायचं म्हणतोस, ते नेमकं कसं बघायचं रं?" चारीला पाणी यायला अजून अवकाश होता. सरकून त्याला बसायला जागा केली.